बोंडूचे मागचे पाय

चंदा,

कल्पना कर, तू ससा आहेस. मागच्या पायांत जोर नाही आणि कुणी मायेनंच तुला पाण्यात सोडलं. पायाखाली काही लागतच नाही.

"आजीचे गुडघे गरम पाण्यानं मोकळे होतात, मंग बोंडूचे काहून नाही?" हा तुझा प्रश्न मी अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारला. "पोरगी हुशार आहे तुमची," त्या म्हणाल्या. काही सशांना फायदा होतो, पण आधी तपासून, जाणत्या हातांतच. घाबरून धडपडला तर कणा मोडू शकतो. बोंडूला त्यांच्याकडेच नेतोय, म्हणून पिंजरा रिकामा आहे.

आई काल रागावली, पण तिला मी सांगितलं: टबात बोंडूचं अंग ताठ होताच, कुणी काही म्हणायच्या आत, तू त्याला उचललंस आणि फ्रॉकमध्ये गुंडाळून छातीशी धरलंस.

आबाजी