चार तासांचं सॅन फ्रान्सिस्को

प्रिय अम्मी,

आज इम्रानचा फोन आला. मामूंना म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी थांबला नाहीत." मामूंनी फोन माझ्या हातात दिला आणि मी तो सरळ बंद केला. बोलले असते तर तोंडाला येईल ते बोलले असते. म्हणून तुला लिहिते आहे.

तुला किती वेळा सांगितलं होतं! तो पहिल्यांदा सॅन फ्रान्सिस्कोला निघाला तेव्हा तू त्याचं तिकीट वाचलंस. मुंबईहून रात्री एकला निघणार, तिथे पहाटे पाचला पोचणार. तू बोटांवर मोजलंस. चार तास! पोचल्याचा फोन आला संध्याकाळी, तर म्हणालीस, "झोपला असंल पोरगा."

"अम्मी, तिथली घड्याळं आपल्या मागे चालतात. सतरा तास लागतात."

"गप गं. माज्या पोराला लांबचा करू नको."

मग परत येताना दीड दिवस कसा लागतो, असं विचारलं तर? "जाताना उतार, येताना घाट. बोरघाटात गाडी दमत नाय का?" घाटाखालच्या शिळफाट्यावर सारा जन्म गेलेला, तुला दुसरं काय सुचणार! आणि तुझा लेक काय म्हणाला? "अम्मी, नुसती हाक मार, चार तासांत दारात." खरं सांगायला त्याचं काय जात होतं?

मला चौक गावाहून यायला जरा उशीर झाला की मात्र तोंड फुगवायचीस. तुझी औषधं, तुझी आंघोळ माझ्याकडे, आणि दुवा सगळ्या त्याला. अजून राग येतो गं.

शेवटच्या सकाळी मामूंचा हात धरून बोललीस, "मला दुपारी जोहरला उचलू नको रं. इम्रान येतोय. चार तास तर लागतात." मय्यत घरात ताटकळत ठेवू नये, हे गावभर तूच सांगायचीस ना? तरी मामूंनी जमातीच्या लोकांपुढे हात जोडले. जोहरची नमाज झाली, असरची झाली. इम्रानला फोन केला, तर म्हणाला, "तिकीट बघतोय."

दिवस मावळल्यावर, मगरीबनंतर तुला नेलं. तो घरातून निघालाच नव्हता, अम्मी! लोक माती देत होते तेव्हा मामूंनी फोन कबरीकडे धरला होता म्हणे, आणि तो तिकडून म्हणत होता, "जरा जवळ धरा, दिसत नाही."

पुढच्या महिन्यात येणार आहे म्हणे. कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत, बायकांना जाता येतं तिथवर, मी स्वतः त्याला आणेन, हा माझा शब्द. पण तू शेवटी काय बोललीस ते त्याला कधीच सांगणार नाही. ऐकून तो ढसाढसा रडेल, आणि तू लगेच त्याला माफ करशील.

तुझीच,
नसरीन