टाकीचं गोड पाणी

पाली
७ जानेवारी २०२४

तीर्थरूप बाबांस,
किशोरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही बरं आहे एवढंच म्हणता आणि फोन आईकडे देता, म्हणून पत्र लिहिते आहे. आता पळायला जागा नाही.

पाणीपुरवठ्याच्या या प्रशिक्षणाला आम्ही वीस जण आहोत, त्यात मुली चार. सकाळी वर्ग, मग दिवसभर प्रत्यक्ष काम. काल सहा काचपात्रांत गढूळ पाणी घेतलं, प्रत्येकात तुरटी कमीजास्त घातली आणि हळूहळू ढवळत बसलो. थोड्या वेळाने पाण्यात कापसासारखे पुंजके दिसायला लागले. ते इतके सावकाश खाली उतरत होते की मी बघतच राहिले, जेवायची वेळ टळली. दुपारी गाळ बसवायच्या मोठ्या टाकीच्या कठड्यावर बसलं, की पाणी हलताना दिसतच नाही, तरी पलीकडून स्वच्छ होऊन निघतं. मग मला आपली टेकडीवरची टाकी दिसते, झाकण उघडून वाकलेले तुम्ही, आणि मागे समुद्र. उद्यापासून सांडपाण्याकडे जायचं आहे. तिथे काळ्या पाण्यात हवा सोडून ते कसं सुधारतात ते शिकवणार आहेत.

आमच्या सुचिता मॅडमनी विचारलं, पाण्यात जंतू मारायची ब्लीचिंग पावडर पुरेशी उरली हे कसं ओळखाल? मी ऐटीत सांगितलं, आमचे बाबा ओंजळीत पाणी घेऊन हुंगतात आणि झालं म्हणतात, गावात कुणी त्यांच्या नाकावर शंका घेत नाही. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, नाकाने अंदाज येतो, खात्री होत नाही. शिवाय समुद्राकाठी पोतं उघडं राहिलं की पावडरीचा जोर जातो. बाबा, तुम्ही पोत्याचं तोंड बांधता ना?

लोभ आहे तेवढा राहू द्या, ओरडा जरा कमी करा.
तुमची,
किशोरी

माडवशी
१३ जानेवारी २०२४

चि. किशोरीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, आईने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. जेवायची वेळ टळू देऊ नकोस, पुंजके कुठे पळून जात नाहीत.

इकडे सुपारी सोलायचं काम चालू आहे. २०२०च्या वादळानंतर लावलेली रोपं आता माझ्या खांद्याला आली. परवा मी चुलीशेजारीच पेपर वाचत बसलो होतो आणि दूध करपून काळं झालं. घरभर वास सुटला तरी यांना पत्ता नाही, असं म्हणत आई अंगणातून धावत आली. वय झालं, दुसरं काय.

तुझ्या मॅडमना सांग, बावीस वर्षं मी या गावाला पाणी पाजतो आहे. पूर्वी लोक पावडरीच्या वासाने नाकं मुरडायचे. आता दोन-तीन वर्षं सगळे म्हणतात, सदूकाकाचं पाणी गोड लागतं, वास म्हणून नाही. पाहुण्यांचाही चहा बिघडत नाही.

थंडीत कान बांध. माया आहे, ती तू जाणतेसच.
तुझा,
बाबा

पाली
१९ जानेवारी २०२४

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन मी त्या कठड्यावर बराच वेळ बसले होते. रागावू नका. पोत्याचं तोंड बांधता का, याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. शेजारी दूध करपलं ते तुम्हाला कळलं नाही. आणि दोन-तीन वर्षं आपल्या पाण्याला वासच नाही.

बाबा, वादळाच्या पुढच्या वर्षी तुम्हाला तो मोठा ताप आला होता, त्यानंतर तुम्हाला वास येतो का?

माझ्या वर्गातला रितेश सुट्टीला श्रीवर्धनला येतो आहे. त्याच्याबरोबर एक बाटली आणि काचेची नळी पाठवते. नळीत टाकीतलं पाणी घ्या, बाटलीतले थेंब टाका. पिवळं झालं तर पावडर आहे. पांढरंच राहिलं तर नाही. मी काहीही विचारलं तरी तुमची मुलगीच आहे, एवढं मनात ठेवा.
किशोरी

माडवशी
४ फेब्रुवारी २०२४

चि. किशोरीस अनेक आशीर्वाद.

पांढरंच राहिलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा.

त्या तापापासून मला कसलाच वास येत नाही. सुरंगीच्या फुलांचा नाही, सुक्या बोंबलाचा नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत राहिलो. लोकांसमोर ओंजळ नाकाशी धरायचो आणि झालं म्हणायचो, कारण नाक गेलं तर मी कोण, असं वाटायचं. माप तेच टाकत होतो, पण पोतं उघडं राहून पावडरीचा जोर गेला, तो मला कळलाच नाही. लोक पाण्याला गोड म्हणाले, ते कौतुक मी घेतलं.

मी त्याच दिवशी पाणी बंद केलं आणि ग्रामपंचायतीत जाऊन सगळं सांगितलं. टाकी धुतली, नवं पोतं आणलं, लोकांना पाणी उकळून प्यायला सांगितलं. सरपंच ओरडले, बरंच बोलले. त्याचं काही नाही. मला धास्ती गावातल्या जनीची होती. श्रावणात तिच्या मुलीला, प्राप्तीला, कावीळ झाली होती, पोर महिनाभर अंथरुणावर होती. ते माझ्या पाण्याने झालं की कशाने, आता कुणीच सांगू शकणार नाही. तरी मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं.

जनी सुपारी सोलत होती. शिव्या दिल्या नाहीत, बसाही म्हणाली नाही. एवढंच विचारलं, की उद्या पाणी कधी सोडणार.

सकाळी टेकडी चढून वर गेलो तर ती टाकीपाशी आधीच येऊन उभी होती. समुद्रावर धुकं होतं, खाली माड अर्धेच दिसत होते. मी नळी भरली, थेंब टाकले. तिने नळी माझ्या हातातून घेतली, उजेडाकडे धरली आणि पिवळं होईपर्यंत बघत राहिली. मग सोडा म्हणाली. मी पाण्याची चावी फिरवली.

माफ केलं असं ती म्हणालेली नाही, मी विचारलंही नाही. पण रोज येते. ती बघून सोडा म्हणेपर्यंत मी चावीला हात लावत नाही.

पुढच्या तुकडीत माझं नाव घालायला मॅडमना सांग. रागावली असशील तर रागाव, पण लिहीत राहा.
तुझा,
बाबा