तेल शाकेदचं एक जास्तीचं मत

मी, त्सिपोरा ग्रानोव्ह, वय एकोणसत्तर, राहणार किबुत्झ वरचं तेल शाकेद, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोकं अजून जागेवर आहे.

१. घर, पलंग, अंगावरचे कपडेसुद्धा किबुत्झचे. सगळं सगळ्यांचं, हे ठरवूनच आम्ही या देशात आलो, म्हणून तक्रार नाही. कलमं बांधायचा चाकू तेवढा मी माहेरच्या गावाहून, ग्रोदनोहून आणलेला. तो बागेतल्या याएलला द्यावा. तिने त्या चाकूने काकड्या चिरू नयेत.

२. आमचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांची तसबीर माझा मुलगा आमोस याला. गेल्या महिन्यात त्याने आमच्या जुन्या विरोधकांना, जाबोटिन्स्कींच्या चेल्यांना मत दिलं आणि ते निवडूनही आले. "आई, तुम्ही लोकांनी देश उभा केलात, पण दुसऱ्याला तोंड उघडू दिलं नाहीत," असं तो मला म्हणाला. मी ताट आपटून उठले. तो अगदीच खोटं बोलत नव्हता.

३. हे कलम भोजनगृहात सर्वांसमोर मोठ्याने वाचावं. १९५१ साली आमच्यात फूट पडली. बेन-गुरियन म्हणत, आधी राज्य. किबुत्झ चळवळीचे पुढारी ताबेंकिन म्हणत, किबुत्झ हाच पाया. मी पहिल्यांच्या बाजूची, धाकटी बहीण फ्रुमा दुसऱ्यांच्या. ज्यांचे हात कमी भरतील त्यांनी निघून जायचं, असं ठरलं. हात मी मोजले. एकाहत्तर विरुद्ध सत्तर.

सभा संपल्यावर फायवेल सुतार माझ्याजवळ आला. "अगं, मी मत दिलंच नाही! वारा झोंबत होता, खिडकी लावा म्हणून हात केला होता."

मी म्हटलं, "गप्प बस. निकाल लागलाय."

तो मरेपर्यंत गप्प बसला. ते सत्तर जण ओढ्यापलीकडे गेले आणि त्यांनी खालचं तेल शाकेद वसवलं. फ्रुमाच्या तीन वर्षांच्या एलीची कबर इकडेच राहिली, आणि आपल्या लेकराकडे यायला तिला वर्षातून एकदा आमच्या कचेरीची परवानगी मागावी लागली. ती परवानगी मी लिहून देत असे. मला याची लाज वाटते.

४. फ्रुमाला मी काहीही ठेवत नाही. ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष चालत नाही, आणि मला तिचीच साक्ष हवी आहे. तिच्या सहीवाचून हा कागद रद्द समजावा.

आज सकाळी हाना नर्सला घेऊन मी ओढा ओलांडला. फ्रुमाने दार अर्धंच उघडलं.

"सव्वीस वर्षांनी वाट सापडली होय गं?"

"आधी वाच."

तिने उभ्यानेच तिसरं कलम दोनदा वाचलं. "म्हणजे बरोबरी होती, त्सिपा?"

"होती."

"आणि तुला त्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

 मग तिने पेन मागितलं.

ठिकाण: खालचं तेल शाकेद. दिनांक: ९ जून १९७७.

सही: त्सिपोरा ग्रानोव्ह

साक्षीदार: हाना त्सूर, नर्स

साक्षीदार: फ्रुमा सेगालोव्ह. माझ्यासमोर सही केली, शुद्धीत होती. मी तिला माफ केलेलं नाही. तिसरं कलम ती मरेपर्यंत थांबणार नाही. शुक्रवारी जेवणाच्या वेळी मी वर येते आहे, तिने ते स्वतः उभं राहून वाचावं.