तीन नंबरचा इंजेक्टर

आई,

त्या आलिशान गाडीचे ब्रेक पॅड इथे कुठेच मिळेनात, म्हणून पलीकडच्या शहरात जाऊन आणते. जेवायला थांबू नकोस.

गॅरेजची किल्ली पिठाच्या डब्यात ठेवली आहे. बाबांनी कितीही आदळआपट केली तरी देऊ नकोस. ब्रेकच्या कामाला आता मी त्यांना हात लावू देणार नाही.

काल त्यांनी नेहमीसारखं स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या गाडीच्या इंजिनाला टेकवलं, आवाज ऐकायला त्याची मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, “तीन नंबरचा इंजेक्टर गेलाय, पोरी.” गाडीवाला फिदीफिदी हसला, त्याला मी बाहेर घालवलं. मग मुकाट्याने तो इंजेक्टर खोलला, पुसला आणि परत बसवला. बाबा किती खूश झाले!

इंजिन चालूच नव्हतं गं, आई.