बिहारच्या ताटात

आबा, परवा सोलापूरच्या सभेत मी पहिलंच वाक्य टाकलं, ‘सोलापूरकरांनो, कर आपण भरायचा, आणि आपल्या नळाला चार-चार दिवस पाणी नाही!’ मग दिल्लीवर घसरलो. मर्जीतल्या राज्यांना भरभरून निधी आणि विरोधातल्यांनी हात पसरून उभं राहायचं, हे चालणार नाही, असं ठणकावलं. तो राग खोटा नव्हता, ते मी आजही बोलेन. पण सभागृह तापलं होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, ‘आपल्या ताटातलं उचलून बिहारच्या ताटात वाढतात!’ टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत बिहारचे काका बसले होते, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातले तुमचे जोडीदार. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

रेल्वे क्वार्टरमधलं आपलं जुनं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. मी कॉलेजात आहे, वादविवाद स्पर्धेसाठी हेच मुद्दे मोठ्यानं घोकतोय. तुम्ही आणि काका पाटावर जेवताय. तुम्ही म्हणता, ‘लई झ्याक बोलतूस की. पर आपली चूल कशावर पेटती?’

‘तुमच्या पगारावर.’

‘आन् पगार कुटनं येतो? कुर्डुवाडीच्या तिकिटांवर एवढा कारखाना चालंल व्हय? सगळा देश देतो तवा चालतो. ह्याच्या गावचं बी हाय त्यात.’

काका लगेच आईला म्हणतात, ‘मग एक भाकरी जास्त वाढा, वहिनी!’

स्पर्धेत तुमचा मुद्दा मी सरळ गाळला आणि पहिलं बक्षीस घेऊन आलो. आबा, तेव्हापासून मी तो गाळतच आलोय. इतकी पुस्तकं वाचली, पण तुमचा तो प्रश्न कधी मांडला नाही. त्यावर टाळ्या मिळत नाहीत, हे मला फार लवकर कळलं होतं.

सभा संपल्यावर काका काठी टेकत व्यासपीठापाशी आले. माझा हात धरून म्हणाले, ‘बोलतोस झकास. आता सांग, तुझ्या आईच्या हातचं खाल्लेलं मी कुठं आणून देऊ?’ आणि हसले. भोवतीचे कार्यकर्ते हसले, मीही हसलो. जाब दिल्लीला विचारायचा होता. मी बोट दाखवलं ते तुमच्या शेजारी जेवणाऱ्या माणसाकडे.

काका इथंच सोलापुरात, लेकीकडे राहतात. रिक्षानं दहा मिनिटं. जाऊन माफी मागायची आहे. अजून गेलो नाही. भाषणाचा व्हिडिओ मात्र तीनदा पाहिला, आबा. दर वेळी त्या टाळ्यांपर्यंतच.