साईशला नको असलेली खोली

नाही, इंग्लंडातल्या त्या मॅचला मी नाचले नाही. टीव्हीवर निळे सदरे घालून स्टेडियमात नाचणाऱ्या बायका दाखवतात, त्यांच्यात मी नव्हते. मी पातळ नेसून, वरून मुलाचं जाड जाकीट घालून खुर्चीवर गप्प बसले होते.

आता कामाचं. मी, सुमंगला गोकुळदास मळीक, राहणार नार्वे, तालुका डिचोली, शिक्षण मराठी चौथी, डोकं ठिकाणावर, कुणाची जबरदस्ती नाही, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. वकीलबाई सुविधा म्हणाली, "मावशी, मी टाइप करून आणते." तिच्या भाषेत मला माझंच घर सापडत नाही. म्हणून असं.

मुलं दोन. गौरवी, पेडण्याला दिलेली. साईश, पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात गेलेला, तिथं गोदामात कामाला. नवरा गेल्या वर्षी जुलैत वारला. कसा, ते लिहावंच लागेल, नाहीतर पुढचं कुणाला कळणार नाही.

ह्या माणसाने जन्मभर खनिजाच्या बार्जवर काम केलं आणि कानाला रेडिओ लावला. भारताची मॅच एकदा परदेशात जाऊन बघायची, एवढंच मागणं. साईशने तिकिटं काढून दोघांना बोलावलं. बर्मिंगहॅमला टेस्ट. ह्याने खांद्यावर तिरंगा घेतला, शेजारच्या गोऱ्याशी हातवाऱ्यांनी गप्पा मारल्या. मला म्हणाला, "रेडिओवर हे गवत एवढं हिरवं नव्हतं गो."

जेवणाच्या सुट्टीत चपाती-भाजी खाल्ली, टोपी तोंडावर ओढली आणि बसल्या जागी आड पडला. आमच्या घरात दुपारी असं आड पडून झोपलेल्या माणसाला उठवत नाहीत. पाहुणा आला तरी बाहेर बाल्कांवात, दारापुढच्या बाकावर, बसून राहतो. मग विकेट पडली, सगळं स्टेडियम उभं राहिलं. गोऱ्याने हसत ह्याला हलवायला हात पुढं केला. साईशने तोंडावर बोट ठेवलं, "नो, नो, स्लीपिंग." गोरा बिचारा नंतर टाळ्यासुद्धा हळू वाजवत होता.

चहाच्या वेळी साईशने बापाला हाक मारली.

डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेले, एका झटक्यात, उठवून काही झालं नसतं. साईशने पुन्हा पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. साईशला पटलं नाही. अस्थी घेऊन माझ्याबरोबर आला, बाराव्यापर्यंत बाल्कांवात झोपला, बापाच्या खोलीत पाय ठेवला नाही. जाताना म्हणाला, "आई, घर गौरवीच्या नावावर कर. माका कायच नको." आता फोन करतो, माझ्या गोळ्यांचं विचारतो. येतोस कधी म्हटलं की लाईन खराब होते.

म्हणून हा कागद.

एक. माझ्या बांगड्या, तांब्याची भांडी आणि नदीकडच्या भाटातले माड गौरवीला. ती म्हणते, "आई, तो आता यायचा नाही गो, उगाच आशा लावून बसू नको." तुला सल्ला विचारला नव्हता, बाय.

दोन. टीव्ही शेजारच्या सगुणला. ह्या सगुणने सुतकात दारात उभं राहून विचारलं, "सुमंगलाबाय, मग शेवटी जिंकलं कोण?" मी झाडू दाखवला. पण बाकीचे सगळे मॅच हा शब्दच गिळत होते, आणि आमच्या मेलेल्या माणसाने तरी दुसरं काय विचारलं असतं? टीव्ही घेऊन जा. आवाज मात्र तुझ्या भिंतीच्या आत ठेव.

तीन. रेडिओ भंगारात. कुणी आठवण म्हणून हार घालून मांडायचा नाही.

चार. घर. गोव्याच्या कायद्याने दोघा मुलांना जायचं ते जाईल, मी अडवणारी कोण. माझ्या मर्जीचा जो भाग, त्यात ह्याची खोली धरा. खाट, जनेल, जनेलातून दिसणारी नदी, सगळं साईशला. नको म्हणाला तरी त्यालाच. त्याने हक्क सोडल्याचं लिहून दिलं तर गौरवीने ते घ्यायचं नाही.

साईश, बापाची झोप तू राखलीस. परक्या मुलखात, एवढ्या आरड्याओरड्यात राखलीस. ती रीत तुला ह्या घराने लावली, म्हणजे मी लावली. दोष वाटायचाच असेल तर अर्धा इकडे पाठव.

अट एकच. यायचं आणि दुपारी त्या खाटेवर आड पडायचं. थोड्या वेळाने गौरवीने आत जाऊन त्याला हलवून उठवायचं. कितीही चिडला तरी उठवायचं. घरातली जुनी रीत मी ह्या कागदाने मोडते. मी असताना आला तर मीच उठवीन.

हा कागद बंद करून डिचोलीच्या कचेरीत देणार. मी आहे तोवर कुणी वाचायचा नाही.

नार्वे, ११ फेब्रुवारी २०२६.
सही: सुमंगला गोकुळदास मळीक
साक्षीदार: ओंकार परब, आमोणे. जानकी गावस, नार्वे.

जानकी विचारते, साईशला आणखी काही लिहायचं आहे काय. नाही. एक अक्षर नाही.