भाचीची केस आणि माझी तयारी

४ फेब्रुवारी, सकाळी १०
साडूभाऊंचा फोन. सहा वर्षांत पहिलाच. त्यांची मुलगी, म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीची लेक, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काल होस्टेलवर पकडली गेली. पोलिसांना तिच्या कपाटात एक बॅग मिळाली, बॅगेत नशेच्या दोनशे चौदा गोळ्या. विक्रीसाठी साठा केल्याचं कलम. दहा वर्षांपर्यंत शिक्षा.
साडूभाऊ म्हणाले, "तुम्ही वकील आहात ना?" सूर आवडला नाही, पण प्रसंग पाहून सोडून दिला. केस घेतली. एकवीस वर्षं भाडेकरू, मृत्युपत्रं आणि सामाईक भिंती यांत गेली. फौजदारीकडे वळायचं होतंच, सवड होत नव्हती.
ही सकाळपासून रडतेय. तिला सांगितलं, आठ दिवसांत पोरगी घरी.

५ फेब्रुवारी
कायद्याचं पुस्तक आणलं. सहाशे साठ पानं. रोज साठ म्हणजे अकरा दिवसांत फडशा. आज चौदा झाली, प्रस्तावना धरून. उद्या शंभर वाचून भरून काढणार.

७ फेब्रुवारी, दुपारी
तुरुंगात भेट. माझ्या ज्युनियर, बाई, बरोबर होत्या. बाई अठरा वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या, पंचेचाळिसाव्या वर्षी वकील झाल्या. उशिरा आल्यामुळे त्यांना मोठं चित्र दिसत नाही.
भाची जाळीपलीकडे. ओठ फुटलेले. मी तिला स्ट्रॅटेजी समजावून सांगितली, पंचवीस मिनिटं. ती मधेच म्हणाली, काका, बॅग माझी नाही, वर्गातल्या एकानं चार तास ठेव म्हणून दिली होती, आता तो फोन उचलत नाही. म्हटलं, तपशील नंतर, आधी मनोधैर्य. तिनं विचारलं, प्रॅक्टिकल सहा मार्चला आहे, तोवर सुटेन का? मी म्हणालो, घोडामैदान जवळच आहे. ती म्हणाली, म्हणजे हो की नाही? सायन्सची मुलं. म्हणींचं वावडं.
निघताना बाईंनी तिला विचारलं, झोप लागते का गं? असले अवांतर प्रश्न. समज द्यायला हवी.

१२ फेब्रुवारी
आजचा दिवस लिहावासा वाटत नाही. तरी लिहितो.
जामीन अर्ज मी स्वतः तयार केला होता. सोबत 'तारुण्य आणि समाज' या विषयावर चाळीस मिनिटांचं भाषण. अर्जाचा साचा मात्र घाईत जुन्या भाडेकरूच्या दाव्यातून घेतला होता. एक वाक्य बदलायचं राहिलं. जज्जसाहेबांनी नेमकं तेच मोठ्यानं वाचलं: "अर्जदार सदर जागेत समाधानाने राहत असून ती सोडून जाण्याची तिची इच्छा नाही." मग चष्मा काढून विचारलं, "सदर जागा म्हणजे तुरुंग ना? मग जामीन कशाला हवाय, वकीलसाहेब?"
सगळं कोर्ट हसलं. अर्ज दुरुस्त करून आणा म्हणाले. पुढची तारीख सहा मार्च.
टायपिंगच्या चुका कोणाच्याही होतात. बाहेर बाकावर मेहुणी बसली होती. ती हसली नव्हती.

२० फेब्रुवारी
पुस्तक पान ३१. पाठ धरलीये. खुर्चीचा दोष. नवी खुर्ची आल्याशिवाय गंभीर वाचन होणे नाही.
साडूभाऊ आले होते. कोणी एक मोठे फौजदारी वकील आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन करून महिन्याभरात परत येतील, तोपर्यंत तुम्ही सांभाळा, असं काहीसं बोलले. म्हटलं, त्यांना म्हणावं आराम करा. हे ऐकून साडूभाऊ चहा अर्धा टाकून उठले. बहुधा धीर आला असावा.

६ मार्च
पोलिसांनी कागद आणले नाहीत. तारीख. भाषण अठ्ठावन्न मिनिटांवर गेलंय, आणि अजून पोटातच.
आज भाचीचं प्रॅक्टिकल होतं. ही सकाळी एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली. आठ दिवसांचा हिशोब तिनं काढला नाही. काढला असता तर मला खुलासा करता आला असता.
संध्याकाळी कळलं, बाई दर गुरुवारी तुरुंगात जातात. भाचीला पुस्तकं नेऊन देतात. तिनं बाईंना सांगितलंय की मागच्या परीक्षेत जागं राहायला तिनं त्याच मुलाकडून दोन गोळ्या घेतल्या होत्या. म्हणून त्याला बॅगेला नाही म्हणता आलं नाही. विकली मात्र एकही नाही. हे मला का नाही सांगितलं? आदरापोटी. नात्यातला वकील असला की हे होतंच.

१४ मार्च
आरोपपत्र आलं. एकशे नव्वद पानं. टेबलावर समोरच ठेवलंय, नजर पडत राहील. रविवारी एका बैठकीत संपवणार.

१६ मार्च, रविवार
अनुक्रमणिका वाचली. बांधणी चांगली आहे. मग डोळा लागला. आठवडाभर माणूस काय काय ओढणार? उठून पाहतो तर बाई गठ्ठा घरी घेऊन गेलेल्या.

१९ मार्च
बाई म्हणाल्या, सर, पंचनाम्यात, पान सत्तेचाळीस, गोळ्या निळ्या आहेत. प्रयोगशाळेच्या अहवालात, पान एकशे तेहेतीस, पांढऱ्या. म्हटलं, रंगाचं काय घेऊन बसलात, माणसाचं आयुष्य पणाला लागलंय. त्या म्हणाल्या, म्हणूनच सर. तपासायला गेल्या त्या गोळ्या हिच्या कपाटातल्याच, हे सिद्ध कसं होणार?
शिक्षकी पेशा. लाल पेन सुटत नाही. तरी अर्जात शेवटी जागा उरली तर घाला म्हणालो. हाताखालच्यांना मी नेहमीच मोकळीक देतो.

२४ मार्च
सुनावणी साडेदहाची. मी दहालाच चार नंबरच्या कोर्टात पुढची जागा धरली. भाषण मनात घोळवत होतो. अकराला लक्षात आलं की समोर घटस्फोट चाललाय. नवरा-बायको दोघंही माझ्याकडे आशेनं पाहत होते.
आपली केस नऊ नंबरला हलवली होती. बोर्डावर लिहिलं होतं म्हणे, इतकं बारीक की कोण वाचणार? दोन मजले चढून गेलो. छाती धपापत होती. जिन्याच्या वरच्या पायरीवर मेहुणी, तोंडाला पदर लावून रडतेय. मी समजलो. तिच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, खचायचं नाही, आपण वरच्या कोर्टात जाऊ.
ती म्हणाली, "भाऊजी, झाला. जामीन झाला."
बाई सहा मिनिटं बोलल्या. जज्जसाहेबांनी सरकारी वकिलांना विचारलं, गोळ्यांनी वाटेत रंग कसा बदलला? सरकारी वकील पाणी प्यायले.
मी म्हणालो, बाईंना आज मुद्दामच पुढे केलं होतं. मेहुणीनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "हो, भाऊजी."

२६ मार्च
भाचीला भेटून आलो. दंड काठीसारखे झालेत. वर्ष गेलं. कॉलेजनं नाव काढलंय. दारावर कोणी थाप मारली की उठून उभी राहते, हात बाजूला धरून. आई हाक मारते तेव्हा बसते.
तिला सांगितलं, खरी लढाई पुढेच आहे, खटला, आणि तिथे माझं भाषण होणारच, आता एक तास दहा मिनिटांचं आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, तुम्ही दमलात."
टोमणा असता तर उत्तर होतं. टोमणा नव्हता. घरी येऊन कपडे न बदलताच पडून राहिलो.

२ एप्रिल, दुपारी ३
साडूभाऊंकडून पाकीट. वकील बदलण्याचा फॉर्म. गुडघेवाले मोठे वकील नकोत म्हणे. पुढचा खटला बाई चालवणार, भाचीनंच सांगितलंय. जुन्या वकिलानं खाली लिहून द्यायचं असतं: माझी हरकत नाही.
बाई समोरच बसल्या होत्या. मान खाली. म्हणाल्या, सर, तुम्ही नको म्हणालात तर मी घेणार नाही. हे त्या मनापासून म्हणाल्या, तोच घोटाळा. म्हटलं, माझ्याही मनात हेच होतं, मीच सुचवणार होतो. एकवीस वर्षांच्या अनुभवानं एक गोष्ट शिकलो, कुठे थांबायचं ते. सुवाच्य अक्षरात लिहिलं, माझी हरकत नाही. झोकात सही ठोकली.

३ एप्रिल
फॉर्म कोर्टातून परत आला. सही आरोपीच्या रकान्यात केली होती.
 बाई दुसरा फॉर्म घेऊन आल्या. या वेळी जिथे सही करायची तिथे पेन्सिलीनं बारीकशी फुली मारून आणली होती.
फुलीवर सही केली.